पॉलिश उडालेली जागा

मामा : गिटारची मान सरळ आहे, सांधे घट्ट आहेत, लाकडाला कीड नाही. पण मावशी, खालच्या कोपऱ्याचं पॉलिश उडालंय, हे फोनवर बोलला नाहीत.

आजी : फोटो पाठवला होता की.

मामा : फोटोत उडालेली बाजू नेमकी भिंतीकडे!

भाची : मामा, घासाघीस नंतर कर. आधी सांग, तू पॉलिशवाला ना? तेवढ्याच जागेचं कसं काय गेलं?

मामा : तुला गिटार घ्यायचीय की पंचनामा करायचाय? मावशी, आजवर बघितलेली प्रत्येक गिटार हिने अशीच उलटीपालटी केलीय.

भाची : म्हणून तर वाचलो. एकीची मान वाकडी निघाली, एकीच्या पोटाला तडा. नवी माझ्या पगारात बसत नाही. आता हे बघ. वाजवताना हात इथे वरच्या काठावर टेकतो, तिथे जरा झिजलंय, ते ठीक. मागे पोट लागतं. पण या खालच्या कोपऱ्याला वाजवणाऱ्याचं काहीच लागत नाही.

मामा : भिंतीला टेकवून ठेवत असतील.

भाची : मग ओरखडे आले असते. हात फिरवून बघ.

मामा : अरे, गुळगुळीत आहे. हे घासून नाही, हाताळून गेलंय. जिन्याच्या कठड्याचं जातं ना, तसं. वर्षानुवर्षं लागतात त्याला.

भाची : आजी, कोणाचा हात?

आजी : ते खिडकीशी पाठ फिरवून बसलेत ना, त्यांचा.

मामा : काका वाजवायचे?

आजी : छे! त्यांना येत असतं तर मी विकायला काढली असती का? मी वाजवायची, ते ऐकायचे.

भाची : हाताने?

आजी : छापखान्यातल्या मशीनने कान गेले त्यांचे. आधी थोडे, मग पार. तेव्हापासून मी वाजवायला बसले की खुर्ची समोर ओढायचे आणि पंजा तिथे ठेवायचे. शेजारीण म्हणायची, तुमची गिटार काय पळून जाणारेय?

भाची : आणि कळायचं त्यांना?

आजी : मी मनापासून वाजवतेय की नुसतं उरकतेय, तेसुद्धा! लगेच भुवई वर. कान शाबूत असताना एवढं कधी ऐकलं नाही हो माझं.

मामा : मग विकताय कशाला?

आजी : ही बोटं बघा. कपाचा कान धरवत नाही, तारा काय दाबणार? कपाटावर मुकी पडलेली बघवत नाही मला. त्यांना ते पटत नाही. कालपासून अबोला धरलाय. आधी एक जण आला होता, त्याला भिंतीवर टांगायला हवी होती. यांनी उठून सरळ दार उघडून दिलं त्याला. यांनी मान हलवल्याशिवाय मी देणार नाही, आधीच सांगते.

मामा : मावशी, मी काय म्हणतो, ती जागा मी एका दुपारीत झाकतो. कळणारसुद्धा नाही. फक्त किमतीत तेवढं जरा...

भाची : त्या जागेला ब्रश लावायचा नाही, मामा.

मामा : अगं, त्याच्यावरच तर भाव उतरणार!

भाची : मग नको उतरायला. सांगितलाय तेवढा मला परवडतो. आजी, त्यांच्यासमोर वाजवून बघू?

आजी : बघ बाई. थांब, आधी त्यांना हलवते, ओठ बघून कळतं त्यांना. अहो! इकडे बघा. ही मुलगी वाजवणारेय. हो, आपलीच गिटार. फुगून बसू नका, खुर्ची ओढा.

भाची : आजी, त्यांनी न बघता बरोबर तिथेच हात ठेवला!

आजी : मग? वाजव तू. घाबरू नकोस. उरकू मात्र नकोस.

(भाची वाजवते. शेवटी सगळ्या तारा एकदा छेडून थांबते.)

मामा : वा! आवाज भरदार आहे. चला, व्यवहाराचं बोलू या.

आजी : अहो, हात काढा. थांबली ती.

आजोबा : कुठे थांबली? आहे अजून.

आजी : बोललात एकदाचे!

मामा : काय आहे अजून? मला तर काहीच ऐकू येत नाही.

भाची : मामा, गप्प. बोट लाव इथे, हळूच.

मामा : कुठे... अरेच्चा! आहे की.

भाची : श्श.

आजोबा : हं. आता थांबली. न्या.