आजोबांच्या मानेला मोगरा

बिलाच्या रांगेत चाकांच्या खुर्चीतल्या आजोबांच्या मांडीवर सेंटच्या दोन स्वस्तातल्या बाटल्या होत्या. खुर्चीमागे त्यांची लेक उभी होती आणि तिच्या मागे उभ्या एका शिंप्याने कान टवकारले होते.

“बाबा, मला विचाराल तर गुलाब.”

“आपल्याकडे येणाऱ्या नर्स सिस्टरला मोगरा आवडतो.”

“पण ऐन उन्हाळ्यात तिला सेंट दिलं, तर घामावरून टोमणा मारल्यासारखं वाटेल हो!”

“तिला कुठे देतोय? मी लावणार.”

“तुम्ही? मोगरा?”

“अगं, रोज सकाळी ती मला मिठीत धरून उचलते. तेव्हा नाक तिचं असतं आणि मान माझी. एवढ्या उकाड्यात कधी तोंड वाकडं केलं नाही पोरीने.”

“बरं, मोगरा तर मोगरा. गुलाब ठेवून येते.”

“राहू दे, दोन्ही घे. रविवारी तू उचलतेस.”