माईंना विचारा

मंडळी, तुम्ही सगळे आलात. खेडहून आलात, जयगडहून आलात. मला सभेत बोलायची सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या. मी माईंची धाकटी जाऊ. एका चुलीवर आमचे संसार झाले.

माई गेल्यापासून येणारं प्रत्येक माणूस मला एकच सांगतंय, "सुटली हो बिचारी." मला राग येतो, मंडळी. खरंच राग येतो. सुटली, हे तुम्हाला कोणी सांगितलं? माईंनी?

मेंदूच्या झटक्यानंतर माईंचं सगळं शरीर गेलं. हात नाही, पाय नाही, जीभ नाही. फक्त डोळे वरखाली व्हायचे. आणि आत माई होत्या. आंब्याच्या बागेत गड्यांना धारेवर धरणाऱ्या अख्ख्या माई! आम्हाला वाटायचं, त्यांना काही कळत नाही.

मग ते संशोधन करणारे डॉक्टर आले. अशा रुग्णांना डोळ्यांनी बोलता येईल का, ते तपासत होते. त्यांनी विचारलं, "माई, तुम्हाला यात भाग घ्यायचाय?" माईंचे यजमान, आमचे भाऊजी, म्हणाले, "हो हो." मुलगा म्हणाला, "हो." मीही म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "मी माईंना विचारलंय. तुम्ही जरा पडवीत बसता का?" आमच्याच घरात आम्हाला बाहेर बसवलं!

माईंनी डोळे वर केले. वर म्हणजे हो.

डॉक्टर तक्त्यावरचं एकेक अक्षर वाचायचे, हवं ते आलं की माई डोळे वर करायच्या. त्यांचा पहिला शब्द निघाला, "पंखा." भाऊजींनी लगेच पंखा वाढवला. माईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. डॉक्टरांनी विचारलं, "बंद करू?" डोळे वर. सगळा पावसाळा त्या तशाच गारठत पडल्या होत्या.

डॉक्टर दर खेपेला नव्यानं विचारायचे, "आज करायचं?" एकदा माईंनी डोळे खाली केले. भाऊजी ओशाळले. "अहो, एवढे लांबून आलात. तिचं काय मनावर घेता? करा तुम्ही." डॉक्टरांनी सामान आवरलं. "त्या नाही म्हणाल्या," एवढंच बोलले. कारणसुद्धा विचारलं नाही. चहा घेतला आणि गेले. त्या दिवशी माईंचे डोळे काय चमकत होते! किती दिवसांनी कोणीतरी त्यांचं 'नाही' ऐकलं होतं.

त्या अडकल्या होत्या, हे मी कशाला नाकारू? रोज बघत होते. गालावर डास बसला तरी त्यांना हाकलता येत नव्हता. माझा तर जीव घुसमटायचा. पण तो माझा. त्यांचं काय?

शेवटच्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "माई, पुढच्या महिन्यात येऊ ना?" डोळे वर. आणि वरच ठेवले, खाली आणीचनात. मग न्यूमोनिया झाला.

माई सुटल्या नाहीत, मंडळी. माई गेल्या. त्यांना राहायचं होतं.

आता आपण दोन मिनिटं उभे राहू या. हात जोडून एक विनंती आहे. एवढी दोन मिनिटं, मनातल्या मनातसुद्धा, कोणी माईंच्या वतीनं बोलू नका.