लॉगिनच्या चौकटीतलं नाव

हसणार नसाल तर सांगते. अठ्ठ्याण्णव साल, नेरूळ. माझा कॉलेजचा रिपोर्ट खालच्या मजल्यावरच्या जोशीकाकांच्या कॉम्प्युटरवर होता आणि दुसऱ्या दिवशी द्यायचा होता. काकू गेल्यापासून काका एकटेच राहायचे. त्या दुपारी मी हौसेने त्यांना नवी सिस्टीम टाकून दिली, आणि मशीन परत चालूच होईना. नुसता काळा पडदा.

"तरी म्हणत होतो, आज अमावास्या आहे," काका म्हणाले.

"काका, प्लीज! कॉम्प्युटरला कॅलेंडर कळतं, पंचांग नाही."

सातव्यांदा बटण दाबलं तेव्हा लॉगिनची चौकट आली. सिस्टीम टाकताना मी नाव दिलं होतं 'जोशी'. तिथे होतं 'सुलभा'. म्हणजे काकू.

"काकूंनी कधीतरी वापरला असेल, त्यांचं नाव राहिलंय," मी म्हटलं.

"अगं, ती गेल्यावर घेतला मी हा."

पासवर्डच्या जागी सहा चांदण्या आधीच भरलेल्या होत्या. फक्त ओके दाबायचं बाकी होतं.

"दाब ना गं," काका हळूच म्हणाले.

मी प्लगच उपटला. रिपोर्टची चाळीसच्या चाळीस पानं पुन्हा हाताने लिहिली.