गोधडीतली सुई

मातीच्या गोधडीला कुणी हात लावू नये, एवढंच कलादालनातल्या पहारेकऱ्याचं काम. कानांना काही काम नव्हतं, म्हणून ते ऐकत होते. शिल्पकार मुलगी आईला गोधडी दाखवत होती.

"ही आपली गोधडी? मग कापड कुठं गेलं?"

"पातळ मातीत बुडवून भट्टीत भाजली. कापड जळलं, मातीत टाक्यांचे ठसे तेवढे राहिले."

"जळलं ते बरंच झालं. तुझ्या काकूनं मुद्दाम सुई ठेवली होती तिच्यात. तान्ही होतीस तू."

"काकू तर शपथेवर नाही म्हणते."

"म्हणूनच तीस वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही मी."

"ही काळी रेघ बघ. सुईच आहे ती."

"बघ! मी सांगत नव्हते?"

"आई, हे बारीक टाके कुणाचे?"

"माझे. तिचे ते लांब लांब, ढांगा टाकल्यासारखे."

"आणि सुई कुणाच्या टाक्यांखाली अडकलीय?"

आई चष्मा पुसून वाकली. मग पहारेकऱ्याकडे वळली.

"अहो, इथं लिफ्ट आहे का? माझ्या जावेला जिना चढवत नाही."