बाईंनी बेल दिली नाही

सांगितलं तर तुमचा विश्वास बसणार नाही, पण साठ माणसांनी खच्चून भरलेली बस एका बाईने अडवून धरली होती, आणि मी अगदी मागच्या बाकावरून सगळं ऐकत होतो. कंडक्टरबाईंनी डबल बेल दिल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी हलवता येत नाही.

"ताई, बेल द्या की!"

"नाही देणार. तुम्ही पिऊन आलाय, दादा."

"छे! खोकल्याचं औषध आहे ते."

"मग खोकून दाखवा बघू."

"उगाच उशीर होतोय. पुढे घाट आहे."

"घाट आहे म्हणूनच सांगते, खाली उतरा."

"वीस वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही!"

"तो आज पडायचा राहिलाय."

"साहेबांना सांगून तुमची नोकरी घालवीन!"

"खुशाल घालवा. आधी ही साठ माणसं घरी पोचू देत, मग मीही घरी बसेन."

शेवटी ड्रायव्हर उतरला. उतरताना किल्ली दोनदा त्याच्या पायाशी पडली.

"बाबा," ऐकत बसलेली माझी सून म्हणाली, "एवढ्या गर्दीत मागच्या बाकावरून त्याचे पाय दिसले तुम्हाला? गाडी तुम्हीच चालवत होतात."