डाव्या चाकाचा वरचा बोल्ट

जबाब

माझं नाव ओळखपत्राप्रमाणे वरच्या चौकटीत लिहून घेतलं आहे. बाजारात मला थोरले मिस्त्री म्हणतात. वय ५९ वर्षे, धंदा मोटारदुरुस्ती, राहणार पेट्रोल पंपासमोर, गॅरेजच्याच माडीवर.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, मला कोणी बोलावलेलं नाही. आज शनिवारी सकाळी पावणेअकरा वाजता मी आपणहून ठाण्यात आलो. हवालदारसाहेब म्हणाले, सकाळच्या अपघाताची नोंद झाली आहे, गाडीवाल्या बाई शुद्धीवर आहेत, तुमचं इथे काय काम? मी म्हटलं, माझंच काम आहे, तेच सांगायला आलोय. त्यांनी बसायला सांगितलं. मी उभ्यानेच सांगतो म्हणालो, पण त्यांनी खुर्ची पुढे सरकवली म्हणून बसलो.

वरील पत्त्यावर मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून गॅरेज चालवतो. गॅरेज वडिलांनी काढलं. त्यांचा एक नियम होता, तो आजही चालू आहे. ब्रेक, स्टिअरिंग आणि चाकं, या तीन ठिकाणचा बोल्ट एकाने आवळायचा आणि दुसऱ्याने तपासायचा. तपासणाऱ्याने बोल्टाच्या डोक्यावरून खालच्या लोखंडावर रंगाची एक रेघ ओढायची. बोल्ट नंतर जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. माझ्या डबीत पिवळा रंग, धाकट्याच्या डबीत पांढरा. म्हणजे मी आवळलेल्या बोल्टावर पांढरी रेघ दिसली पाहिजे आणि त्याने आवळलेल्यावर पिवळी. आपल्या कामावर आपणच रेघ ओढायची नाही. वडील असते तर असं करणाऱ्याला त्यांनी गॅरेजमधून हाकलून दिलं असतं.

विचारल्यावरून सांगतो की, माझं आणि धाकट्याचं सात महिन्यांपासून बोलणं नाही. कारण विचारल्यावरून सांगतो. त्याने टॉर्क पाना आणला. ठरलेला जोर भरला की हा पाना कट् असा वाजतो, मग थांबायचं. मी चाळीस वर्षं हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळतोय. चार गिऱ्हाइकांसमोर मी त्या पान्याला कटकट्या म्हणालो, आणि वर म्हणालो की याच्या हाताला काही कळत नाही, पाना सांगतो तेव्हा याला कळतं. लोक हसले. धाकट्याने पाना पुसून पेटीत ठेवला, आणि त्या दिवसापासून तोंडाला कुलूप. जेवताना मीठ हवं असलं तर तो माझ्या बायकोला म्हणतो, वहिनी, मीठ. ती मला म्हणते, अहो, भावजींना मीठ. मीठ माझ्याच ताटापाशी असतं. हवालदारसाहेब म्हणाले, मीठ जबाबात लागत नाही. मी म्हटलं, तुम्ही कारण विचारलंत.

अबोला होता तरी रेघेचा नियम आम्ही मोडला नाही. ज्याचं आवळून झालं त्याने बोनेटवर लाल फडकं टाकायचं. दुसरा येतो, तपासतो, रेघ ओढतो आणि फडकं काढतो. यात बोलावं लागत नाही. सात महिने असं बिनबोभाट चाललं.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास टायपिंगच्या बाईंनी गाडी आणली. बाई चौकात टायपिंगचा क्लास चालवतात. वय सत्तरच्या आत-बाहेर, गाडी त्यांच्याहून थोडीच लहान. पुढचे ब्रेक किंचाळतात अशी तक्रार होती. धाकटा तेव्हा दुसऱ्या गाडीचं सामान आणायला बाजारात गेला होता. मी डावं चाक काढलं. आत कॅलिपर असतो, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा. तो दोन बोल्टांवर बसतो. खालचा बोल्ट नीट निघाला. वरचा निघाला तो लोखंडाचा गुंडाळलेला भुगा घेऊनच. भोकातले आटे, म्हणजे बोल्टाला धरून ठेवणाऱ्या गोल खाचा, साफ गेले होते. नवीन बोल्ट लावून पाहिला, तो नुसता गोल गोल फिरत राहिला.

हे आटे कोणी मारले, असं साहेबांनी विचारलं. मी मारले. मागच्या वर्षी हाच बोल्ट मीच आवळला होता, पान्याला हातभर नळी लावून. नळी लावली की जोर किती पडतो ते हाताला कळत नाही. ज्या हाताच्या अंदाजाचा मी गावभर तोरा मिरवला, त्याच हाताने हे केलं होतं. भोकाकडे बघताना माझे कान तापले.

भोक दुरुस्त करता येतं. मी ते रीतसर केलं, यात खोट नाही. भोक ड्रिलने थोडं मोठं केलं. आटे पाडायचं हत्यार असतं टॅप, त्याच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे कीस आत न पडता ग्रीसला चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असं करत नवे आटे पाडले. हवा मारून भोक साफ केलं. मग त्यात तारेची घट्ट स्प्रिंग फिरवून बसवली. तिच्या आतल्या अंगाला जुन्याच मापाचे आटे मिळतात, आणि ते मूळच्या आट्यांपेक्षा मजबूत असतात. स्प्रिंगच्या टोकाला एक आडवी शेपटी असते, ती मोडून बाहेर काढली. इथपर्यंत काम चोख झालं.

पुढे जे केलं ते सांगायला मी आलो आहे. बोल्ट आवळताना मला भीती वाटली. पुन्हा आटे गेले तर? चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी हात आखडता घेतला. जरा घट्ट बसल्यासारखं वाटलं आणि थांबलो. पुरेसं आहे की नाही ते मला तेव्हाही माहीत नव्हतं. आता फडकं टाकायचं आणि धाकट्याची वाट बघायची, हे काम होतं. मी फडकं टाकलं नाही. तो तपासायला वाकला असता तर त्याला नवी स्प्रिंग दिसली असती, आणि आटे कोणी मारले ते विचारायचीही गरज पडली नसती. म्हणून माझ्या कामावर मीच पिवळी रेघ ओढली. चाक चढवलं, कीस झाडून टाकला. पंपापर्यंत चक्कर मारली, ब्रेक लागले. मग माडीवर जाऊन जेवलो आणि झोपलो. चार वाजता बाई गाडी घेऊन गेल्या.

आज सकाळी नऊ वाजता बेकरीवाल्याचा फोन आला. तो माझ्या बायकोने घेतला. ती म्हणाली, अहो, टायपिंगच्या बाईंची गाडी उतारावरून ग्रंथालयाच्या भिंतीत गेली. त्या म्हणतायत ब्रेक लागलाच नाही. मी आंघोळ करून शर्टाची बटणं लावत होतो. एकही बटण धड लागेना. बायकोने लावली. मी आधी दवाखान्यात गेलो. बाईंच्या डाव्या मनगटाला प्लास्टर आहे, बाकी ठीक आहेत. मला बघून म्हणाल्या, अरे, भिंत वाचली का? मला रडू आवरेना. त्यांना वाटलं भिंत पडली. त्यांना काही न सांगता मी तिथून निघालो आणि सरळ इथे आलो.

माझं म्हणणं असं की, बोल्ट ढिला राहिला, तो गाडी चालता चालता निघाला आणि ब्रेक गेला. हे माझ्या हातून झालं आहे. धाकट्या भावाचा यात काही संबंध नाही, त्याला त्या बोल्टाची माहितीही नाही. त्याचं नाव कुठे येऊ नये. तो आता बाहेर बाकावर पान्याची पेटी मांडीवर घेऊन बसला आहे. तो माझ्या मागून का आला, असं विचारल्यावरून सांगतो की, मला माहीत नाही. आमचं बोलणं नाही.

पुरवणी जबाब

मी वरील इसम, आजच दुपारी साडेतीन वाजता पुन्हा विचारल्यावरून सांगतो की, दुपारी दोन वाजता वाहन निरीक्षक आले. ठाण्याच्या मागच्या अंगणात बाईंची गाडी ओढून आणलेली होती. निरीक्षकसाहेब, हवालदारसाहेब, मी आणि आमच्या मागे चार हातांवर धाकटा, असे तिथे होतो.

डावं चाक निघालं. कॅलिपर जागेवर होता आणि वरचा बोल्टही होता. पण माझी पिवळी रेघ तुटलेली दिसली. बोल्टावरचा तुकडा एकीकडे, लोखंडावरचा एकीकडे, मध्ये बोटभर अंतर. रेघ तुटली म्हणजे बोल्ट फिरला, हे मी लहानपणापासून शिकत आलोय. मी तिकडे बोट केलं. मी म्हटलं, साहेब, बघा, हाच तो. मला न्या आता आत.

निरीक्षकसाहेबांनी बॅटरी मारली आणि म्हणाले, मिस्त्री, जरा दम धरा. फिरलाय खरा, पण कुठल्या बाजूला? मी वाकून पाहिलं. बोल्टावरचा तुकडा आवळायच्या बाजूला सरकला होता. ढिला होणारा बोल्ट उलटा फिरतो. हा सुलटा फिरला होता. आणि त्याच्या शेजारी, डोक्यावरून थेट लोखंडावर गेलेली, केसाइतकीही न तुटलेली एक पांढरी रेघ होती.

मी मागे वळून पाहिलं. धाकटा पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. बावन्न वर्षांचा माणूस.

निरीक्षकसाहेबांना टॉर्क पाना हवा होता. त्यांचा कार्यालयात राहिला होता. धाकट्याने पेटी उघडली. साहेबांनी स्वतः माप लावलं, पाना बोल्टावर चढवला आणि जोर दिला. बोल्ट हलला नाही. कट् वाजलं. खालचा बोल्ट, कट्. उजव्या चाकाचे दोन्ही, कट्, कट्. हवालदारसाहेब म्हणाले, आवाज लिहू का? मी म्हटलं, चारही वेळा लिहा. सात महिने ज्या आवाजाची मी टर उडवली, तो ऐकून माझ्या छातीवरचा दगड उतरला. मी तिथेच जमिनीवर बसलो.

मग निरीक्षकसाहेब ड्रायव्हरच्या जागी वाकले आणि ब्रेकच्या पेडलाखालून पाण्याची स्टीलची बाटली काढली. तिच्या पोटात पेडलाच्या आकाराचा खड्डा पडला होता. ती उतारावर सीटखालून घरंगळत आली आणि पेडलाखाली अडकली, त्यामुळे पेडल दबलंच नाही. दवाखान्यात फोन करून विचारलं, तर बाई म्हणाल्या, हो, मी पाय जीव खाऊन दाबत होते, पण पेडल खालीच जाईना. बाटली माझीच, सकाळपासून शोधतेय. निरीक्षकसाहेब मला म्हणाले, कॅलिपर सुटला असता तर पेडल पार खाली गेलं असतं. ते गेलं का नाही, एवढंसं विचारलं असतंत तर दिवसभराचा ताप वाचला असता. मिस्त्री कसले तुम्ही? मी म्हटलं, खरं आहे साहेब. आज ते काय म्हणतील ते मला गोडच लागत होतं.

धाकट्याला हवालदारसाहेबांनी माझ्यासमोर विचारलं. त्याने सांगितलं की, बुधवारी तो बाजारातून परतला तेव्हा मी वर झोपलो होतो. बाईंच्या गाडीखाली लोखंडाचा कीस चमकला, स्प्रिंगच्या डब्यात एक कमी होती, आणि बोनेटवर फडकं नव्हतं. त्याने चाक काढलं. माझ्या कामावर माझीच रेघ पाहिली. पाना लावून बोल्ट पुरता आवळला, आपली रेघ ओढली आणि चाक परत चढवलं. मला का सांगितलं नाही, असं विचारल्यावर त्याने पान्याची पेटी बंद केली. हवालदारसाहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, दादाला वाईट वाटलं असतं.

यावर मला काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावरून सांगतो की, आहे. मागच्या वर्षी ते आटे मी मारले. चार गिऱ्हाइकांसमोर मी जे बोललो ते चूक होतं. त्याच्या हाताला कळतं. हे सरकारी कागदावर राहावं, अशी माझी इच्छा आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. बाटलीविरुद्धही नाही.

जबाब हवालदारसाहेबांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. मिठाचं वाक्य काढू का म्हणाले, मी राहू द्या म्हटलं. माझ्या सांगण्याप्रमाणे सगळं बरोबर लिहिलं आहे म्हणून सही करायला पेन उचललं, तेव्हा दारात उभा असलेला धाकटा माझ्याकडे बघून बोलला. सात महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. म्हणाला, "दादा, पाव फेरा कमी होता."

माझ्या विनंतीवरून हे वाक्यही लिहून घेतलं. तेही मला वाचून दाखवलं. तेही बरोबर आहे.