निरोगी माणूस क्रमांक सात

...तर तुम्हाला सांगतो, दोष सगळा त्या यंत्राचा! एकोणीस वर्षं मी आरहुस शहरातल्या इस्पितळात मूत्रपिंडांवर काम करतोय, सकाळी वॉर्डात रोगी, दुपारी तळघरात उंदीर, आणि दोघांची तक्रार एकच, डॉक्टरांना वेळ नाही... आता करणार काय? संशोधन म्हणतात याला!

मूत्रपिंडाला इजा झाली की लघवीत एक प्रथिन उतरतं, रक्तात काही दिसायच्या दोन दिवस आधी, एवढं सिद्ध करण्यात माझे केस गेले. रोग्यांचे नमुने ढीगभर, तुलनेला निरोगी मात्र मिळेनात. आमच्याकडे माणूस रक्त देईल, केक देईल, पण चोवीस तासांची लघवी कॅनमध्ये भरून सायकलवरून आण म्हटलं की मला सांगतात, 'एस्बन, या शनिवारी जरा...' मग काय, दिली मीच! नावांऐवजी नंबर टाकले बोडिलने, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या बाईने, आणि मी विसरून गेलो. संशोधन म्हणतात याला!

आणि प्रथिन मोजणाऱ्या यंत्राने काय सांगावं? सगळे निरोगी ठणठणीत, सात नंबरचं प्रथिन पार आभाळात! यंत्र पुसलं, बदललं, बोडिलला तीन आठवडे छळलं. शेवटी शुक्रवारी सगळे पाव-चीज खात बसलेले असताना मी म्हटलं, 'काढून टाका तो सात नंबर, खोटारडा दिसतोय!'

बोडिल पावाला लोणी लावत म्हणते, 'अरे, तो तूच आहेस.'

तिने सात नंबरचा फॉर्म काढला. माझंच अक्षर! 'वेदनाशामक गोळ्या: कधीच नाही.' आता डोकं दुखलं की घेतो मी एखादी, रोज दुखतं म्हणून रोज, कधी दोन, कधी... त्याला काय गोळ्या घेणं म्हणतात? आणि पाणी? वॉर्डातून तळघरात पळताना पाणी प्यायचं कधी? आणि हाच मी रोग्यांवर ओरडतो, 'फॉर्मवर खरं लिहा!' संशोधन म्हणतात याला...

गेलो तपासून घ्यायला. कुणाकडे? सिग्नेकडे, माझ्याच विद्यार्थिनीकडे! रिपोर्ट तिने दोनदा वाचला. मी विचारलं, 'सिग्ने, मूत्रपिंडं किती काम करतायत?'

'निम्मंच,' ती म्हणाली. 'गोळ्या आजपासून बंद, पाणी पी, तपासत राहू. टिकतील... बहुतेक.' मग दारापर्यंत आली बिचारी. 'आणि एस्बन, घरी जाऊन यावर काही वाचत बसू नकोस हं, उगाच घाबरशील.'

वाचतोय कशाला? सगळं मीच लिहिलंय!